दुसऱ्या बाईचं पद

माझ्या वडिलांनी एक्केचाळीस वर्षं नेपल्सच्या नाट्यगृहांसाठी ऑपेरे लिहिले, आणि त्यांची एकही ओळ त्यांनी लिहिली तशी कधी गायली गेली नाही. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. एकदा वाळवंटातली कथा आयत्या वेळी समुद्रावर न्यावी लागली, कारण नाट्यगृहाच्या ठेकेदाराकडे मागच्या हंगामातल्या रंगवलेल्या लाटा पडून होत्या. उंटांवरून येणारं सैन्य मग पोहत आलं. एकदा बुडून मरणारी राणी विष पिऊन मेली, कारण गायिकेला सर्दी झाली होती आणि ओलं दिसायलाही तिची तयारी नव्हती. एकदा धर्मखात्याच्या तपासनिसाने ‘नशीब’ हा शब्द सगळीकडून खोडला. दुसऱ्या अंकात कुणाचं काय झालं आणि का झालं, हे लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही. तो अंक फार गाजला.

वडील, म्हणजे आमचे ताता, हे सगळं मुकाट्याने सोसत. त्यांचा जीव अडकला होता तो फक्त आठ ओळींत. आई गेली त्या आठवड्यात त्यांनी त्या लिहिल्या होत्या.

*चूल विझली, हात तिथेच शेकतात.*
*दार लागलं, कान तिथेच बसतात.*
*अंथरुणात तुझी जागा तशीच आहे,*
*झोपली आहे ती, मी तिला उठवत नाही.*

पुढे अजून चार होत्या. या ओळी त्यांनी अकरा ऑपेऱ्यांत घातल्या आणि अकरा वेळा त्या निघाल्या. ताता अंथरुणाला खिळले, तेव्हा नाट्यगृहाच्या कवीची जागा माझ्याकडे आली, घराण्यातलं टक्कल येतं तशी. कार्निव्हलच्या आधी डॉक्टरांनी तातांच्या छातीला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, “ईस्टर बघतील असं वाटत नाही.”

आत गेलो तर ताता म्हणाले, “काय म्हणाला तो, ते मला सांगू नकोस. क्रेशेंझो, एकदा ऐकू दे रे मला. लिहिलंय तसं. मग खुशाल जातो.”

“या हंगामात ऐकाल,” मी म्हणालो. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि अशी वाक्यं सहज बोलायचो.

आमच्या धंद्यात कथेला फार वाव नसतो. पहिल्या बाईला, म्हणजे मुख्य गायिकेला, पाच पदं, पहिल्या पुरुषाला पाच, आणि अशी उतरत उतरत दुसऱ्या बाईला एक. हे सगळं करारात असतं. कथा उरलेल्या भेगांत कोंबायची. मी आर्मेनियाची राणी घेतली, तिसऱ्या अंकात तिला डोंगरातल्या तुरुंगात टाकलं, नवरा मारला आणि तिच्या तोंडी त्या आठ ओळी घातल्या. तालमीच्या पहिल्या दिवशी आमची पहिली बाई, सिन्योरा ओलिंपिया, आपल्या पेटीसकट आली.

पेटी म्हणजे तिची गाण्यांची पेटी. तिच्यात चार पदं होती. मिलानपासून पालेर्मोपर्यंत टाळ्या घेऊन आलेली. ऑपेरा कुठलाही असो, सिन्योरा तीच गायची.

“तिसऱ्या अंकात मी जहाज गाणार,” ती म्हणाली. वादळात सापडलेल्या जहाजाचं ते पद होतं.

“सिन्योरा, राणी तुरुंगात आहे.”

“मग? तुरुंगाला खिडकी नसते?”

“आर्मेनियात आहे तो. डोंगरात.”

“कविराज, डोंगरावरून तर लांबचं दिसतं.”

मी ठेकेदाराकडे पाहिलं. दॉन लिबोरिओ नखं कुरतडत होते. “लिही की पोरा एक ओळ,” ते म्हणाले. “‘अरेच्चा, समुद्र!’ एवढी लिहिलीस तरी पुरे. त्यात काय जातंय तुझं?”

मी आर्मेनियाला समुद्र दिला. आठ ओळी बेघर झाल्या.

नंतर मी दॉन लिबोरिओंना कोपऱ्यात गाठून तातांचं सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, पण ते कुठलाही पडदा पडला तरी यायचं.

“तेक्लाचं पद रिकामं आहे,” ते म्हणाले. “घाल तिथे. तपासनीसही ते वाचत नाही. शब्दाला कोणी हात लावणार नाही तुझ्या.”

ते खरं होतं. तेक्ला आमची दुसरी बाई. दुसऱ्या बाईच्या पदाला कोणीच हात लावत नाही, कारण ते कोणीच ऐकत नाही. ती पुढे आली की नेपल्समध्ये सरबताची वेळ होते. बर्फाच्या सरबताची तबकं घेऊन विक्रेते आत शिरतात, सज्जांची दारं उघडतात, चमचे वाजू लागतात, लग्नं ठरतात, दावे मिटतात. राजेसाहेबांना दुसऱ्या बाईचा आवाज कसा असतो हे ठाऊक नसावं. संगीतकार या पदाची चालसुद्धा स्वतः करत नाहीत, शिष्याला देतात.

तरी मी ओळी तेक्लाला दिल्या. ती चाळिशीची, शांत बाई होती. तालमीला बसल्या जागी मोजे विणायची. तिने कागद वाचला, परत वाचला.

“मी हे गायचं? मला दिलंत?”

“हो.”

“कोणी काढून तर घेणार नाही ना?”

चौथ्या तालमीला तिने ते पूर्ण आवाजात म्हटलं. अंगावर शाल, काखेत सुया. दुसऱ्या ओळीला व्हायोलिनवाल्यांनी आपसातली बडबड थांबवली. शेवटच्या ओळीला दिवे लावणारा माणूस शिडीवरच बसून राहिला. दॉन लिबोरिओ म्हणाले, “अरे देवा,” आणि नाक शिंकरलं.

दुर्दैवाने सिन्योरा ओलिंपियाही तिथेच होती.

“हे मी गाणार,” ती म्हणाली. “जहाजाऐवजी. मी गाताना चमचा वाजवायची कोणाची छाती आहे बघू. फक्त ती चूल काढा. राणीची कसली चूल?”

“मग काय घालू?”

“व्हेसुव्हियस घाला. पेटलेला.”

“हात व्हेसुव्हियसवर शेकतात?”

“मोठ्या माणसांची दुःखंही मोठीच असतात, कविराज. आणि त्या अंथरुणाच्या जागी सिंहासन.”

तिने विचार करायला एक दिवस दिला. मी रात्रभर विचार केला. तिने गायलं तर साऱ्या नेपल्सने श्वास रोखला असता, पण आईच्या चुलीवर ज्वालामुखी बसला असता. तेक्लाने गायलं तर शब्द न् शब्द तसाच राहिला असता, फक्त कोणाला ऐकू आला नसता. पण मला कुठे नेपल्सला ऐकवायचं होतं? एका माणसाला ऐकवायचं होतं, आणि त्याचे कान अजून शाबूत होते. त्याची खुर्ची वाद्यांच्या अगदी मागे ठेवली म्हणजे झालं. सकाळी मी सिन्योराला नाही म्हणालो. आयुष्यात मी स्वतः घेतलेला हा पहिला निर्णय. तातांना एवढंच सांगितलं, “तुमचं पद आहे. शब्दाला धक्का नाही. ऐन वेळी मी खूण करतो.” कोण गाणार ते सांगितलं नाही. त्यांचा अपमान होईल असं वाटलं.

राहता राहिलं सरबत. नाट्यगृहातली विक्री दोन्ना फिलुमेनाच्या हातात होती. तिचे दंड माझ्या मांडीएवढे, आणि तातांना ती लहानपणापासून ओळखायची.

“दोन्ना फिलुमेना, पहिल्या दिवशी तेक्ला गाईल तेव्हा तुमची माणसं जरा आवरा. निदान माझ्या तातांच्या खुर्चीजवळ तरी. त्यांच्यासाठी फार महत्त्वाचं आहे ते.”

तिने हातातलं तबक खाली ठेवलं. “दॉन आन्येल्लो येणारेत? अंथरुणातून उठून?”

“हो.”

“कळलं मला,” ती म्हणाली, आणि माझा गाल एवढ्या जोरात ओढला की तीन दिवस लाल होता. “तू काळजीच करू नकोस. मी जातीने बघते.”

पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी दोन हमालांनी तातांना खुर्चीसकट उचलून आणलं. त्यांनी लग्नातला कोट घातला होता. आत आता दीड ताता मावले असते. पहिला अंक ते ताठ बसून होते, प्रत्येक पदाला माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवून नाही म्हणायचो. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर तेक्ला पुढे आली. सज्जांची दारं धाडधाड उघडली. मी तातांच्या खांद्याला हात लावणार, तोच आम्हा दोघांवर सावली पडली.

“दॉन आन्येल्लो!” दोन्ना फिलुमेना तबक घेऊन उभी होती. “सगळ्यांना अडवून धरलंय मी. म्हटलं, खबरदार! आधी दॉन आन्येल्लो, मग बाकीचे. पोरगा बिचारा स्वतः सांगायला आला होता.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. पण तिचं तरी काय चुकलं? दुसऱ्या बाईच्या गाण्यात माणसाला महत्त्वाचं असं दुसरं काय असू शकतं? एखाद्याला ते ऐकायचं असेल, हे नेपल्समध्ये कोणाच्या स्वप्नातही येणार नाही.

“लिंबाचं आहे का?” तातांनी विचारलं.

“तुमच्यासाठी वेगळं काढलंय.”

डॉक्टरांनी वर्षभर गार बंद केलं होतं. तातांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. दोन्ना फिलुमेनाच्या मागे तेक्ला म्हणत होती की दार लागलं, कान तिथेच बसतात. मला तिचे ओठ दिसत होते. ऐकू मात्र फक्त दोन्ना फिलुमेना येत होती. ती आपल्या सुनेचं बाळंतपण सांगत होती.

“ताता,” मी त्यांच्या कानाशी म्हणालो, “ऐका.”

“ऐकतोय रे. मुलगा झाला म्हणतेय.”

“तसं नाही. गाणं ऐका.”

“ही दुसरी बाई आहे,” ताता मला समजावत म्हणाले. एक्केचाळीस वर्षांचा अनुभव होता तो. “खा तू पण. वितळतंय.”

वाटी हिसकावून घ्यायला मी हात पुढे केला, तेवढ्यात ते हसले. दोन महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. माझा हात हवेतच राहिला. दोन्ना फिलुमेनाने त्या हातात दुसरी वाटी ठेवली.

पद संपलं. मी उठून ओरडलो, “पुन्हा! पुन्हा!” दुसऱ्या बाईला असं कोणी ओरडत नाही. आजूबाजूच्या लोकांना वाटलं, मला आणखी सरबत हवंय. एकाने आपली अर्धी वाटी पुढे केली. तेक्लाने अंधारात कुठेतरी बघून मान लववली आणि ती आत गेली.

ताता वाटी खाली ठेवून परत ताठ बसले. “आता आईचं कधी?”

“पुढच्या अंकात,” मी म्हणालो. का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढचा पूर्ण अंक त्यांनी कानामागे हात धरून ऐकला. एका खोकल्यासाठीही तो हात त्यांनी काढला नाही. सिन्योरा तुरुंगात आली. आर्मेनियात समुद्र निघाला. जहाज आलं, बुडालं, टाळ्या झाल्या, म्हणून पुन्हा आलं आणि पुन्हा बुडालं. पडदा पडला. तातांनी हात हळूच खाली घेतला.

“काढलं का रे?”

मी खाली वाकून वाट्या उचलल्या.

“सिन्योराने काढलं?”

“हो,” मी म्हणालो.

त्यांनी माझा गुडघा थोपटला. माझी समजूत काढत होते. “मनाला लावून घेऊ नकोस. होतं असं. पुढच्या हंगामात घाल.” हमाल खुर्चीचे दांडे धरायला वाकले, तेव्हा त्यांनी हाताने त्यांना थांबवलं. “फक्त एक लक्षात ठेव. वाट्टेल त्याला दे, त्या दुसऱ्या बाईला देऊ नकोस. त्या वेळी कोणी ऐकत नसतं.”

“नाही देणार,” मी म्हणालो.