पास झालेलं पिल्लू

आमचा कुत्रा ठिपक्या ठार बहिरा होता. आमच्या घरात ही गोष्ट मला सोडून सगळ्यांना माहीत होती. बायकोला, मुलीला, आठ वर्षांच्या मुलाला, लस टोचणाऱ्या डॉक्टरला. मी मात्र आठ महिने त्याला हाका मारत राहिलो आणि आला नाही की त्याचा उद्धार करत राहिलो. गंमत म्हणजे त्याला निवडून, पारखून घरात आणलं होतं ते मीच.

पारखणं हा माझा पेशाच होता. वालीवच्या एका कारखान्यात मी माल तपासायला होतो. पितळी व्हॉल्व्हचे खोके समोर यायचे. एकेक नग उचलायचा, माप लावायचं, उजेडात धरून फिरवायचा, की एक तर 'पास' नाही तर 'रिजेक्ट'. मधलं काही नाही. अठरा वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तेच करायला लागतो. मिक्सर मी तीनदा दुकानात परत नेला होता. निमिषच्या नव्या सायकलचं चाक जरासं डुगडुगतं म्हणून संध्याकाळच्या आत सायकल बदलून आणली, तो रडत असताना. आर्याच्या गणिताच्या शिकवणीच्या बाई दोन महिन्यांत बदलल्या. "आमच्याकडे वस्तू राहायला येत नाहीत, पाहुण्या येतात," असं संपदा माहेरच्यांना सांगायची आणि मी मिशीत हसायचो. मला ते कौतुक वाटायचं.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. विरार पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. घर कसलं, चौघांच्या पायाला भिंगरी. शनिवारी उजाडायच्या आत जीवदानीच्या डोंगराच्या पायऱ्या, त्याही घड्याळ लावून. रविवारी अर्नाळ्याला जायचं आणि किनाऱ्याने कळंबच्या दिशेने पळत सुटायचं. पावसाळ्यात तुंगारेश्वरचा धबधबा. मुलांना आवडायचं की नाही हे मी कधी विचारलं नाही. दमली असं म्हणायची नाहीत, त्याअर्थी आवडत असणार, असं माझं गणित.

आर्या दहा वर्षांची झाली तेव्हा तिने कुत्रा मागितला. मी लगेच हो म्हटलं, पण कुठलाही नाही. आपल्या घराला साजेसा. रद्दीच्या दुकानातून कुत्र्यांच्या जातींवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं, कारखान्यातल्या तपासणीच्या कागदासारखा कागद आखला, आणि महिनाभर रोज जेवणानंतर एकेका जातीचा निकाल लावला. पामेरियन बाद, कारण नुसतं भुंकणार आणि किनाऱ्यावर उचलून घ्यावं लागणार. अल्सेशियनचे केस आपल्या दमट हवेत वर्षभर गळणार. डॉबरमनला संपदाने चित्र बघूनच नकार दिला. लॅब्रेडोर बरा होता, पण पुस्तकातल्या चित्रात तो मला सुटलेल्या पोटाचा वाटला. डाल्मेशियनवर माझं बोट थांबलं. पूर्वी साहेब लोकांच्या घोडागाड्यांबरोबर मैलोन्मैल पळायला म्हणून ही कुत्री बाळगायचे, असं त्यात लिहिलं होतं. अंगाला आखूड केस, दमसास घोड्याचा. मी कागदावर सही ठोकली. त्याच पुस्तकात पुढच्या पानावर या जातीत पुष्कळ पिल्लं जन्मतः बहिरी निघतात, घेताना तपासून घ्यावीत, असंही लिहिलेलं होतं. ते पान मी नंतर वाचलं. फार नंतर.

निर्मळला पॉलिनबाई म्हणून एक निवृत्त नर्स केळीच्या वाडीत कुत्री वाढवायच्या. मे महिन्यातल्या रविवारी आम्ही चौघं एका स्कूटरवरून त्यांच्याकडे गेलो. शेजारच्या वाडीत लग्न होतं. बँड अगदी कुंपणाला लागून वाजत होता आणि मधून मधून फटाक्यांच्या माळा. पॉलिनबाईंची सहा पिल्लं त्या आवाजाने सैरभैर झाली होती. एक पाण्याच्या पिंपामागे, तीन आईच्या पोटाखाली, एक तर थरथर कापत होतं. फक्त एक पिल्लू फणसाच्या सावलीत पाय पसरून गाढ झोपलं होतं.

"हा," मी म्हटलं.

पॉलिनबाईंना ते पटलं नाही. "हा सुस्त वाटतो मला," त्या म्हणाल्या. "त्याची बहीण घ्या. चपळ आहे. तुम्हाला पळणारं पाहिजे ना?"

मी त्यांना समजावून सांगितलं. आम्ही सोसायटीत राहणारी माणसं, शेजारी लग्नाचा हॉल, समोर गणपतीचा मंडप, दिवाळीत कानठळ्या. तिथे घाबरट कुत्रा कसा चालेल? या पिल्लाचं मन खंबीर आहे. बाईंनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या की नको झाला तर रस्त्यावर सोडू नका, केव्हाही माझ्याकडे आणून द्या. मी खूश झालो. म्हणजे परत घेण्याची हमीही मिळाली, असं मी स्कूटर चालू करता करता मोठ्याने बोललो. पिल्लू आर्याच्या मांडीवर होतं. तिने ते ऐकलं.

पुढचं सगळं मला मागाहून कळलं, पण ते इथेच सांगतो. दुसऱ्या आठवड्यात संपदाच्या हातून कुकर निसटून फरशीवर पडला, ठिपक्याच्या पाठीमागे दीड हातावर. त्याने मान वळवली नाही. आर्याने मग ताटं बडवून पाहिली, शिट्टी वाजवून पाहिली. लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दोन्ही कान कामातून गेलेले आहेत, इलाज नाही, पण कुत्रा हुशार आहे, हाताच्या खुणा शिकवा. त्या दिवशी मी कारखान्यातून यायच्या आधी स्वयंपाकघरात तिघांची बैठक झाली. बाबांना सांगायचं नाही असं ठरलं. ठराव आर्याने मांडला. संपदाने विरोध केला नाही, आणि याचं मला आजही सर्वांत जास्त लागतं.

मी "ठिपक्या" अशी हाक मारली की घरात कोणी तरी जमिनीवर पाय आपटायचं. ती थरथर त्याला कळायची आणि तो उठून माझ्याकडे यायचा. संध्याकाळ असेल तर संपदा दिव्याचं बटण चटकन बंद करून चालू करायची. दिवे लुकलुकतात म्हणून मी लाइटवाल्यांच्या नावाने खडे फोडायचो. खालच्या मजल्यावरच्या सावित्रीबाई तक्रार घेऊन आल्या की तुमची मुलं दिवसभर धाडधाड पाय आपटतात. मी त्यांच्याशी कडाकडा भांडलो. माझी मुलं विनाकारण पाय आपटणारी नाहीत, असं त्यांना ठणकावून सांगितलं.

पण तिघांपैकी कोणी जवळ नसलं की ठिपक्या माझ्या हाकेला ढिम्म हलायचा नाही. कधी येतो, कधी येत नाही. बहिरेपणाची शंका मला का आली नाही? कारण येतो ना कधी कधी! म्हणजे ऐकू येतं आणि ऐकायचं नाही. माजलाय. वर्तमानपत्राची सुरळी करून मी त्याला किती वेळा हाणलं याचा हिशेब नाही. तो पोट जमिनीला लावून माझ्याकडे बघत राहायचा. आपण काय केलं हे त्याला कळत नसे, आणि मला तो कोडगेपणा वाटे. दिवाळीत मात्र तो सुतळी बाँबच्या शेजारी शांत बसून राहिला तेव्हा मी अख्ख्या सोसायटीला गॅलरीतून ओरडून दाखवलं. बघा, याला म्हणतात निवड!

दिवाळी झाल्यावर मी जाहीर केलं. सव्वीस जानेवारीपर्यंत हा प्रत्येक हाकेला आला पाहिजे. नाही तर निर्मळला परत. जेवताना बोललो. आर्याचा घास हातातच राहिला.

डिसेंबरपासून ठिपक्या एकदाही चुकला नाही. मी हाक मारली की हजर. आता कळतं की तिघांनी पाळ्या लावल्या होत्या. मी घरात असताना एकाने तरी माझ्या मागे राहायचंच. निमिष गृहपाठ सोडून माझ्या पाठोपाठ या खोलीतून त्या खोलीत फिरायचा. मला वाटायचं, पोराला बापाचा लळा लागला. किनाऱ्यावर आर्या नेहमी ठिपक्याच्या पुढे पळायची, मी हाक मारताच वळून माझ्या दिशेने हात दाखवायची, की तो मागे फिरायचा. मी मागून हाका मारत असायचो आणि तो वळला की मला वाटायचं, माझ्याच हाकेने वळला. आठ महिन्यांत मी एक जनावर सरळ केलं. माझी छाती फुगली होती.

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी आर्या शाळेच्या शिबिराला गेली होती आणि निमिषला ताप होता. मी बूट घातले, ठिपक्याला स्कूटरच्या पुढ्यात उभं केलं. संपदा खाली उतरून आली.

"आज नका नेऊ त्याला. आर्या नाहीये."

"कुत्रा माझा आहे की आर्याचा?"

"मग निदान पट्टा सोडू नका. ऐका माझं."

ती आणखी काही तरी बोलणार होती. तिचे ओठ हललेले मी पाहिले. पण वरून निमिषने हाक मारली, मी किक मारली, आणि ते तिथेच राहिलं.

अर्नाळ्याला भरती ओसरत होती. ओली वाळू टणक झाली होती, पळायला उत्तम. होड्या लागल्या होत्या, मासळी उतरत होती. मी पट्टा सोडला. ठिपक्या सुटला तो असा की बायका टोपल्या खाली ठेवून बघत राहिल्या. अंग ताणलेलं, कान मागे गेलेले, पाय जमिनीला लागतात की नाही अशी शंका यावी. पुस्तकात लिहिलं होतं ते सगळं खरं होतं. मी त्याच्या मागून पळत होतो आणि सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी मी फार आनंदात होतो.

दीडदोनशे पावलांवर तो थांबला आणि वाळूत टाकलेल्या मासळीच्या कचऱ्यात नाक खुपसून उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. मासळी न्यायला आलेला टेम्पो त्याच टणक वाळूवरून येत होता. मी हाक मारली. पुन्हा मारली. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. ठिपक्याने शेपटी हलवली, मान वर केली नाही. आणि मला राग आला. टेम्पो डोळ्यांनी दिसत असताना, पळायचं सोडून, मी जागेवर उभा राहून चिडून ओरडलो, "ठिपक्या, शेवटचं सांगतोय!"

टेम्पोवाला खाली उतरून माझ्याकडे धावत आला. "मी हॉर्न मारला, तीनदा मारला. हटंल वाटलं, कुत्रा हटतोच. त्यान वलून बगितलाच नाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्याने हळूच विचारलं, "बहिरा व्हता काय?"

आठ महिने मी जे तपासलं नव्हतं ते त्याने एका क्षणात तपासलं. मी ठिपक्याला उचलून कडेला नेलं. एका म्हातारीने फावडं दिलं. सुरूच्या झाडांखाली मी खड्डा खणला आणि ठिपक्याला ठेवलं. त्याचं अंग अजून गरम होतं.

घरी आल्यावर संपदाने दार उघडलं, माझ्या हातात नुसता पट्टा पाहिला, आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. तिने तेव्हाच मला सगळं सांगितलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

आर्या संध्याकाळी पाच वाजता आली. पाठीवरची पिशवी न काढता तिने घरभर पाहिलं, गॅलरीत पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. ती बराच वेळ रडली, आईच्या कुशीत तोंड खुपसून. मी जवळ गेलो तर तिने अंग आक्रसून घेतलं. मी मागे सरलो.

ती शांत झाल्यावर मी विचारलं. आवाज चढू दिला नाही. "मला का सांगितलं नाहीत? एकदा सांगायचं होतं. मी पट्टा सोडला नसता."

"तुम्ही त्याला परत दिलं असतं, बाबा."

नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मी दिलं असतं. त्याच दिवशी, स्कूटरला किक मारून, पिल्लू बदलून आणलं असतं. बहीण चपळ होती म्हणे. आणि आर्या रडत असताना तिला सांगितलं असतं की खोट असलेली वस्तू घरात ठेवायची नसते.

अंधारून आलं. कोणी दिवा लावला नाही. निमिष तापातून उठून आईला चिकटून बसला होता. त्याच्या प्रगतिपुस्तकातले मार्क गेल्या वर्षापासून घसरत चालले होते, आणि त्यावरून, कारण न विचारता, मी त्याला काय काय बोललो होतो ते एकेक करून माझ्या डोक्यात यायला लागलं. मी त्या तिघांकडे पाहिलं आणि विचारलं, "अजून काय काय आहे, जे मला सांगितलेलं नाही?"

आर्याने आईकडे पाहिलं. निमिषने काही तरी सांगायला तोंड उघडलं. संपदाने हळूच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि त्याने तोंड मिटलं.