विचारायला रांग हवी

चष्मेवाले काका दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत डोळे घालून बसायचे, पण घरात कुणी "जरा बोलायचं होतं" एवढं म्हणायचा अवकाश, की ते काढता पाय घ्यायचे. बेकरीवाला हे गेले कित्येक महिने सोसत होता. एकदा काकांना नळ गळत असल्याचं एकदम आठवलं. एकदा जिन्यातला दिवा बदलायचा निघाला. एकदा तर "दूध उतू गेलं वाटतं" म्हणत ते स्वयंपाकघरात पळाले, आणि गॅसवर दूध सोडाच, साधं पातेलंही नव्हतं. बेकरीवाला बापडा स्वतः भाजलेल्या पावाची पिशवी मांडीवर घेऊन सोफ्यावर बसून राहिला.

बोलायचं काय होतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्याला काकांच्या मुलीशी लग्न करायचं होतं. मुलगी वडिलांपेक्षा वीतभर उंच, तलावावर मुलांना पोहायला शिकवणारी, आवाज असा की पलीकडच्या काठावरचं पोरगंही चटकन पाय हलवायला लागावं. पण घरात ती छोटीच. छोटीचा होकार केव्हाच मिळाला होता. घोडं अडलं होतं काकांपाशी. बेकरीवाल्याने दुसऱ्या गावी स्वतःची भट्टी घेतली होती, पुढच्या महिन्यात तिकडे जायचं होतं, आणि छोटीने त्याला स्पष्ट बजावलं होतं.

"आई गेल्यापासून बाबांनी मला एकट्याने वाढवलंय. ते स्वतःच्या तोंडाने हो म्हणाले तरच मी येईन. नुसती मान हलवलेली चालणार नाही. आत्याने येऊन सांगितलेलंही चालणार नाही."

"अगं, पण ते समोर उभे राहतील तर ना!"

"समोर कशाला? रांगेत गाठ त्यांना."

हे त्या घरचं खास तंत्र होतं. काका एरवी कुणाच्या हाती लागत नसत, पण रांगेत त्यांना भारी रंग चढे. पुढच्याच्या मानेकडे बघत ते कुणाशीही, कशावरही बोलत. म्हणून त्या घरात महत्त्वाचं जे काही विचारायचं ते रांगेतच विचारायचं, हे ठरूनच गेलेलं. छोटीला सायकल मिळाली बँकेच्या रांगेत. केस कापायची परवानगी मिळाली वीजबिलाच्या रांगेत. 'मी चष्म्याच्या दुकानात बसणार नाही, पोहायला शिकवणार' हे तिने दवाखान्याच्या रांगेत सांगितलं आणि नंबर लागेपर्यंत सगळं मिटलंही. फार काय, काकांचं स्वतःचं लग्न तिकिटाच्या खिडकीसमोर जमलं होतं, असं आत्या शपथेवर सांगायची.

तेव्हा बेत शिजला तो पार्कचा. काका वर्षातून एक दिवस दुकान बंद ठेवून बहिणीला आणि मुलीला घेऊन पार्कात जायचे, यंदा छोटी बेकरीवाल्यालाही बरोबर नेणार होती, आणि तिथल्या 'वादळ' नावाच्या रुळांवरून उलटापालटा धावणाऱ्या मोठ्या गाड्याची रांग गावभर प्रसिद्ध होती. दोन-दोन तास हलायची नाही. बेकरीवाल्याला हे स्वर्गच वाटलं. त्याने भाषणसुद्धा रांगेच्या मापाने बेतलं. कठड्यांच्या पहिल्या वळणावर हवापाणी, दुसऱ्यावर धंदा, तिसऱ्यावर नवी भट्टी, आणि चौथं वळण घेता घेता मुद्द्याला हात. रोज पहाटे मैदा मळताना तो ते घोकत होता. त्याच्या बेकरीतल्या कारागिरांचंही ते पाठ झालं.

आणि पार्कच्या दारातच त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हा मोठा फलक! 'आनंदाची बातमी! आता कुठेही रांग नाही!' मोबाइलवर पाळणा निवडायचा, वेळ घ्यायची, त्या वेळेला दाराशी जायचं आणि सरळ आत बसायचं. आजूबाजूची माणसं टाळ्या पिटत होती. बेकरीवाला मात्र त्या फलकाकडे असा बघत राहिला, की तिकीट तपासणाऱ्याने त्याला "काही हरवलंय का?" म्हणून विचारलं.

"बरं झालं बाई," आत्या म्हणाली. "माझे गुडघे सुटले."

"रांगच नाही?" काका म्हणाले. त्यांचाही चेहरा पडला होता, पण त्याकडे लक्ष द्यायला कुणाला फुरसत होती? चौघांनी आपापले मोबाइल काढले आणि वेळा घ्यायला सुरुवात केली.

पुढचे तीन तास म्हणजे नुसती धावपळ. एकातून उतरायचं, दुसऱ्यात चढायचं. रांग नसल्यामुळे मजा दुप्पट होईल असं पार्कवाल्यांना वाटलं असावं. झालं एवढंच, की श्वास घ्यायला जागा उरली नाही. संथ होडीत बेकरीवाल्याने घसा खाकरला, "काका, यंदा हवा—" तोच काकांचा मोबाइल किणकिणला आणि पुढच्या वेळेची आठवण झाली. उंच चक्रात पाळणा नेमका माथ्यावर थांबला, काका समोर, पळायला वाव नाही. पण शेजारी आत्या होती, आणि तिने डोळे घट्ट मिटून त्याचा हात असा धरून ठेवला होता की त्याला हाताशिवाय काही सुचेना. उलट्या झोपाळ्यात तर त्याने कमालच केली. डोकं खाली, पाय वर, अशा अवस्थेत तो ओरडला, "काका, मला तुमच्या मुलीशी—" पण काकाच काय, सगळा झोपाळाच ओरडत होता.

जेवायच्या ठिकाणी तरी रांग असेल, ही शेवटची आशा. तिथेही मोबाइलवर मागवायचं आणि टेबलावर येणार. तो पाण्याच्या नळापाशी जाऊन आला. तिथे एकूण चार नळ होते आणि माणूस एकही नव्हता.

"माझं नशीबच फुटकं," तो छोटीला म्हणाला. "जगातल्या सगळ्या रांगा आजच संपल्या."

"अजून वादळ बाकी आहे."

"तिथे तर पाच मिनिटांत आत घालून बाहेर काढतील."

छोटी हसली, पण तिचं हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. पुढचा महिना फार दूर नव्हता, आणि आपण घातलेली अट आपल्याच अंगाशी येतेय की काय, असं तिलाही वाटायला लागलं होतं.

जेवण झाल्यावर पाहतात तो काका गायब. आत्या म्हणाली, हात धुवायला गेला असेल. छोटी खेळण्यांच्या दुकानांकडे शोधायला गेली आणि बेकरीवाला वादळाकडे.

वादळाच्या दारासमोर जुन्या रांगेचे लोखंडी कठडे अजून तसेच होते. नागमोडी, रिकामे, उन्हात तापलेले. बाजूने नवं चकचकीत फाटक केलं होतं, तिथून वेळ घेतलेली माणसं चटाचट आत जात होती. आणि त्या रिकाम्या कठड्यांमध्ये, अगदी पुढे, बंद साखळीला पोट टेकवून चष्मेवाले काका एकटेच उभे होते. खांद्याला पिशवी, हात मागे बांधलेले, नजर समोर.

"काका! इथे काय करताय?"

"रांगेत उभा आहे."

"काका, रांग बंद झालीय."

"वेळेच्या आधी येऊन उभं राहिलेलं बरं. मोबाइलचा काय भरवसा?"

बेकरीवाल्याला हसू आलं. म्हातारा माणूस, जुनी सवय, चालायचंच. आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, ही रांग आहे! एका माणसाची का होईना, आहे तर रांग! कठड्याखालून वाकून सरळ जाता आलं असतं, पण तो धांदरटासारखा सगळी वळणं पळत पळत पार करून काकांच्या मागे जाऊन उभा राहिला.

आता गंमत अशी, की दोन माणसं एकामागे एक उभी दिसली की तिसऱ्याला राहवत नाही. दोन मुलांना घेऊन एक बाप आला, "इथूनच ना?" म्हणाला आणि मागे लागला. त्याच्यामागे टोपी घातलेलं एक जोडपं आलं. मग एक आजी आल्या, कशाची रांग ते न विचारताच. नारिंगी टोपीवाली फाटकावरची मुलगी धावत आली.

"अहो, रांग लावू नका! रांग बंद आहे!"

"आम्ही लावलेली नाही," काका शांतपणे म्हणाले. "आम्ही फक्त उभे आहोत."

ती बिचारी वरिष्ठांना विचारायला पळाली. म्हणजे वेळ थोडा होता. बेकरीवाल्याने हवापाण्याचं वळण आठवून पाहिलं, धंद्याचं आठवून पाहिलं. एक अक्षर आठवेना.

"काका, मला छोटीशी लग्न करायचंय."

समोरची पाठ हलली नाही. "माहीत आहे," पाठ म्हणाली.

"आणि आम्ही दुसऱ्या गावी जाणार."

"तेही माहीत आहे. नळ काय उगाच गळत होता?"

बेकरीवाल्याने कठडा धरला आणि तापलेला म्हणून लगेच सोडला. काकाच बोलले.

"तू पहाटे किती वाजता उठतोस?"

"तीनला. पाव सकाळी विकायचा तर भट्टी त्याआधी पेटवावी लागते."

"म्हणजे रात्री लवकर झोपत असशील."

"आठला डोळे मिटायला लागतात."

"ती अकरापर्यंत बडबडते."

"माहीत आहे. फोनवर मी झोपेतच हं हं करत असतो."

काकांचे खांदे हलले. हसत होते. "मीही तेच करतो," ते म्हणाले, आणि मग खांदे थांबले. "ती गेली की अकरापर्यंत घर नुसतं गप्प होणार. मला त्याची भीती वाटते रे. तुझ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पाव चांगला असतो तुझा. नुसती भीती वाटते, म्हणून पळत होतो."

अशा वेळी म्हणायला बेकरीवाल्याकडे खूप काही होतं. तुम्हीही चला, आम्ही दर आठवड्याला येऊ, असं तसं. पण ते त्याच्या तोंडून निघेना. खोटं वाटलं त्याला.

"तुम्हाला एकटं वाटणारच, काका," तो म्हणाला. "नाही वाटणार असं कसं म्हणू? पण रात्री आठनंतर मी मेल्यासारखा झोपलेला असणार. तिला बडबडायला तुमच्याशिवाय कोण आहे? रोज फोन येईल. तुम्हीच कंटाळाल."

काकांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मागे आजी कुणाला तरी सांगत होत्या, की ही रांग जुन्या लोकांसाठी खास ठेवलीय. तेवढ्यात नारिंगी टोपीवाली परत आली. वरिष्ठांनी कपाळाला हात लावून 'सोडून टाक एकदाची' म्हटलं असावं, कारण तिने साखळी काढली.

"या, काका. मोबाइल दाखवा."

काकांनी मोबाइल पुढे केला. तिच्या हातातल्या यंत्रावर लाल फुली उमटली. तिने पुन्हा लावला. पुन्हा फुली.

"काका, तुमचं वादळाचं बुकिंगच नाही."

"नाहीच घेतलं मी," काका म्हणाले. "झोपाळा एक वेळ सोसतो, यात माझं डोकं गरगरतं. दरवर्षी छोटीला साखळीपर्यंत सोबत करून परत फिरतो."

बेकरीवाला बघतच राहिला. बुकिंग नाही, बसायचं नाही, आणि हा माणूस भर उन्हात बंद साखळीपुढे एकटा उभा!

"मग काका, तुम्ही इथे कशाला..."

काका पहिल्यांदाच वळले. "सकाळपासून बघतोय, तू रांग शोधत फिरतोयस. नळापर्यंत जाऊन आलास. म्हटलं, पोराला किती पळवायचं? उभं राहावं आपणच कुठेतरी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हो आहे माझं. आता जा आत, मागे लोक खोळंबलेत."

बेकरीवाला साखळीपाशीच थांबला. "मी नाही जात," तो म्हणाला, आणि बाजूला सरून त्याने मागच्या बापाला आणि मुलांना वाट दिली. काकांजवळून हलायची त्याची इच्छाच नव्हती.

इतक्यात नव्या फाटकातून छोटी आत शिरताना दिसली. तिची वेळ झाली होती. वडील आणि बेकरीवाला शेजारी शेजारी उभे पाहून ती थबकली, पण पट्टे आवळणाऱ्याने तिला पुढे रेटलं आणि वादळ सुटलं. पहिल्या चढावावरूनच तिचा तो तलावावरचा आवाज सगळ्या पार्कावर पसरला.

"काय म्हणाले?"

बेकरीवाल्याने तोंड उघडलं, पण काकांनी त्याला कोपराने गप्प केलं. हे काम दुसऱ्याचं नव्हतं. एरवी कधी आवाज न चढवणाऱ्या त्या माणसाने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि गाडा डोक्यावरून उलटा जात असताना तो जीव तोडून ओरडला, "हो म्हणालो!"

रांगेतल्या आजींनी, काहीही ठाऊक नसताना, टाळ्या वाजवल्या.

छोटी उतरून आली ती धावतच. केस विस्कटलेले, गाल ओले. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येतं म्हणतात, पण हे वाऱ्याचं नव्हतं.

"बाबा, वरून मला काही ऐकूच आलं नाही."

"हो म्हणालो."

"काय?"

"हो म्हणालो गं."

तिला पहिल्याच वेळी, वर असतानाच ऐकू आलं होतं. तरी तिने पुन्हा विचारलं, आणि काकांनी पुन्हा सांगितलं.