झेनेबेचचे आठ

झेनेबेचने मनगट उचलून घड्याळ दवाखान्याच्या खिडकीच्या काचेला टेकवले. आठ वाजले होते, मिनिटभरही मागेपुढे नाही. पलीकडच्या सिस्टर बोइतुमेलोने मान वळवून भिंतीवरचे घड्याळ पाहिले. तिथे दुपारचे दोन.

"आजींना सकाळी आठला बोलावलं होतं," ती झेनेबेचच्या सुनेला, हिवोतला म्हणाली. "मागच्या महिन्यातही दोनलाच उगवल्या. बाहेरून आलेल्यांचं हे असंच. वेळ पाळत नाहीत, गोळ्या घेत नाहीत. आता यादीतून नाव काढावं लागेल."

मागच्या खेपेला झेनेबेच एकटीच आली होती आणि रिकाम्या हाताने परतली होती. तेव्हापासून रक्तदाबाच्या गोळ्या अर्ध्या मोडून पुरवल्या. पिशवीत आता एकच तुकडा उरला होता. म्हणून तर आज तिने सुनेला जोहान्सबर्गच्या भर बाजारातल्या दुकानातून उठवून आणले होते. इथली भाषा बोलायला तिची जीभ हवी होती, एवढेच.

हिवोतने सासूच्या घड्याळाकडे पाहिले आणि शालीचा पदर तोंडावर धरला.

"दात काय काढतेस?"

"आई, रात्रीची गोळी किती वाजता घेता?"

"या सिस्टरने बोटं दाखवली आठ, मी घेते आठला. गजर लावून उठते. तुझ्या घोरण्यात तुला कुठला ऐकू येतोय."

हिवोतने सिस्टरला समजावले. इथिओपियात दिवसाचे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात, रात्रीचे मावळल्यापासून. आजींचे आठ म्हणजे इथले दोन, आणि इथले आठ म्हणजे आजींचे दोन. म्हातारी दोन महिने रात्री दोनला उठत होती. एकदाही चुकली नव्हती.

सिस्टरने बाजूला सारलेली फाइल पुन्हा ओढली, दाब मोजला, महिन्याच्या गोळ्या दिल्या. कार्डावरचे आठ खोडून दोन लिहिले आणि शेजारी उगवता सूर्य काढला. गोळ्यांच्या पाकिटावरही दोन, शेजारी चंद्र.

झेनेबेचने कार्ड लांब धरून पाहिले.

"सूर्य वाकडा आलाय. पण शिकेल ही पोरगी."

"काय म्हणाल्या?" सिस्टरने विचारले.

"आभार मानतायत," हिवोत म्हणाली.

सिस्टर उठली. नावे काढलेल्या फायलींचा गठ्ठा कपाटातून काढून तिने हिवोतपुढे ठेवला.

"यातली तुमच्या देशाकडची नावं कोणती, तेवढं सांगता?"

झेनेबेच बाकावर पाय सोडून बसली. घाई कसली? तिच्या घड्याळात अजून सव्वाआठच वाजले होते.