कोटाची खालची दोन बटणं

माझे दोन्ही मेहुणे हट्टी. थोरला शिंपी, धाकटा कादंबरीकार. धाकटा दुकान सोडून लिहायला निघाला, तेव्हा थोरला रागाच्या भरात बोलून गेला, "पुन्हा माझा उंबरा चढू नकोस." त्याला अकरा वर्षं झाली.

यंदा धाकट्याची कादंबरी आली. नायक ज्यू शिंपी. शेवटच्या पानावर तो थोरल्या भावाच्या दारात उभा आहे, बोटं चौकटीवरच्या डबीवर. धर्मवचनाची अशी डबी आम्हा ज्यूंच्या घरोघरी दाराला असते. येतानाही तिला हात लावायचा, जातानाही. त्यामुळे नायक आत येतोय की बाहेर पडतोय, ते कळत नाही. समीक्षकांची चंगळ झाली. एकाला डबीत निर्वासितपण दिसलं, दुसऱ्याला ईश्वराचं मौन. तिसऱ्याला दोन्ही दिसलं, म्हणून त्याला पुरस्कार मिळाला.

शेवटचं पान वाचून थोरला हातातलं काम टाकून माझ्याकडे आला. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान तसंच.

"दाजी, हा आत येतोय."

"कशावरून?"

"कोटाची खालची दोन बटणं सुटलेली आहेत. बाहेर जाणारा बटणं लावतो, घरी येणारा सोडतो."

"विद्वान म्हणतात, ते अपूर्णतेचं प्रतीक आहे."

"विद्वानांनी कधी काज केलंय का?" मग त्याचा आवाज उतरला. "म्हणजे त्याला घरी यायचंय ना हो?"

मी त्याला तसाच धाकट्याकडे नेला. दार उघडून धाकटा बघतच राहिला. थोरल्याने 'कसा आहेस'ही न म्हणता बटणांचं विचारलं.

धाकटा गोरामोरा झाला. "ती सहज लिहिली, दादा. माझंच पोट दिलंय त्याला. बटणं लागत नाहीत."

थोरल्याचा चेहरा पडला. "मग येतोय का जातोय?"

"मलाच माहीत नाही. शेवट सात वेळा लिहिला. त्याला आत घेतला की वाटायचं, भाऊ हाकलून देईल. तूच सांग, देईल का?"

थोरला बराच वेळ अंगुस्तान काढत-घालत राहिला.

"मी नुसतं बोललो होतो रे. दाराला कडी लावली होती का कधी?"

धाकट्याने नाक पुसलं. "पुढच्या आवृत्तीत शेवट बदलू?"

"काही नको. मग ते विद्वान काय खातील?" थोरल्याने खिशातून टेप काढून त्याच्या पोटाभोवती टाकली. "अरे देवा! सरळ उभा राहा, लबाडा. श्वास आत ओढू नकोस, माप चुकेल."

धाकट्याने श्वास सोडला.