रसलचे हात खिशातच होते

“रसलला बंदुकांच्या दुकानात नेऊ नकोस,” वहिनीने फोनवर बजावलं होतं. नवरा-बायकोचं बिनसलंय म्हणून बोलतेय, असं समजून डार्लाने ते मनावर घेतलं नाही. नवरा तेलविहिरींवर, घर अमेरिकेतल्या वायोमिंगच्या माळावर एकटं, कडेवर तान्हं बाळ. आयुष्यातली पहिली बंदूक निवडायला तिला आपला भाऊ रसलच हवा होता.

दुकानदाराने लष्करी घाटाच्या दोन सेमी-ऑटोमॅटिक रायफली काढल्या. एक काळी, हलकी. दुसरी लाकडी दस्त्याची, जड.

रसलचे हात खिशातच. “तूच बघ.”

“अरे, एवढी हरणं मारलीस आणि हिला घाबरतोस? धर!” डार्लाने हसत काळी रायफल त्याच्या हातात कोंबली.

त्याने ती लगेच परत ठेवून दिली. “माझ्या सगळ्या बंदुका मित्राकडे, वेंडलच्या घरी ठेवल्यात,” तो पुटपुटला. “जवळ असल्या की जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं गं.”

दोन्ही रायफली तिथेच सोडून डार्ला त्याला आपल्या घरी घेऊन आली. तो आता तिच्याकडेच असतो, डॉक्टरकडेही जातो. पण तिला स्वतःच्या त्या हसण्याची अजून लाज वाटते.

तुमच्या ओळखीत कुणी आपल्या बंदुका दुसऱ्याकडे ठेवल्या असतील, तर आजच जाऊन त्याची विचारपूस करा, एवढंच तिचं मागणं आहे.