कॉफीनंतरचं पाणी

सबातिनोच्या मते कॉफी कळणारा माणूस जगात एकच होता आणि तो रोज सकाळी दाढी करताना त्याला आरशात भेटायचा. बाकीच्यांचं म्हणजे गाढवाला गुळाची चव काय. मिलानवाले कॉफी पीत नाहीत, औषध घेतात. रोमवाल्यांचे पेले गार असतात, त्यांच्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. खुद्द नापोलीतसुद्धा समुद्राकाठच्या हॉटेलांत मिळते ती कॉफी नव्हे, भांडी विसळलेलं पाणी. राहता राहिली सानिता वस्ती, आणि वस्तीत राहता राहिलं सबातिनोचं दुकान. चार गिऱ्हाइकं खेटून उभी राहिली की पाचव्यानं रस्त्यावर पेला धरावा एवढीच जागा. पण मालकाचा तोरा असा की राजवाड्याच्या दरवानानं येऊन शिकवणी लावावी.

जेवणानंतर कुणी दूध घातलेली कॉफी मागितली की हा विचारणार, "पोट बिघडलंय का? औषधाचं दुकान पलीकडे आहे." बिनसाखरेची मागितली की आवाज खाली आणून, "घरात कुणी गेलं का हो?" लोक हसायचे, कारण आज हसलं नाही तर उद्या आपली पाळी. लग्न त्यानं केलं नव्हतं. एकाही बाईच्या हातची कॉफी पसंत पडली नाही म्हणून राहिला, असं वस्तीत म्हणत, आणि तो ते खोडून काढत नसे.

अशा या माणसाचं नाक फेब्रुवारीतल्या कार्निव्हलच्या सुमारास आलेल्या तापात गेलं. ताप उतरला, खोकला थांबला, पण वास काही परत आला नाही आणि जाताना चवही घेऊन गेला. कॉफी तोंडात घेतली की गरम आहे एवढंच कळायचं. सबातिनो हादरला. डॉक्टरला सांगितलं नाही, चर्चमध्ये पाद्रीबाबांपुढे कबुलीजबाबाला बसला तेव्हाही या पापाचा उल्लेख टाळला. हे बाहेर फुटलं असतं तर दुकान संपलं होतं. आंधळ्या सोनाराकडे सोनं घेऊन कोण जातं?

पण नापोलीच्या रिवाजानं त्याला वाचवलं, निदान त्याला तसं वाटलं. तिथे कॉफीच्या आधी पाण्याचा पेला पुढे येतो. घोटभर पाण्यानं तोंड स्वच्छ करावं, मग कॉफी प्यावी आणि ती चव जिभेवर घेऊनच दुकानाबाहेर पडावं. कॉफीनंतर जो पाणी पितो तो दुकानदाराला तोंडावर सांगतो की बाबा रे, तुझी कॉफी धुऊन टाकायच्या लायकीची आहे. याहून मोठा अपमान कॉफीवाल्याच्या आयुष्यात नाही. सबातिनोनं हाच तराजू केला. यंत्रातून पडणारी धार उंदराच्या शेपटीसारखी बारीक आहे की नाही हे डोळ्यांना दिसत होतं. चवीसाठी तो गिऱ्हाइकांच्या पेल्यांवर नजर ठेवायचा. ईस्टर झाला, उन्हं तापली, जून लागला, तरी कॉफीनंतर पाण्याला कुणीही हात लावला नाही. मग त्यानं असा निष्कर्ष काढला की आपल्याला नाकाची गरज कधी नव्हतीच, सगळी करामत हातात होती. जीभ चवीला मुकली, पण टोमण्यांना दुप्पट धारदार झाली.

त्या दुपारी वकील रुओप्पोलो आणि म्हातारा सोस्सियो नेहमीप्रमाणे येऊन गेले. सोस्सियो म्हणजे ट्राम चालवून निवृत्त झालेला, सबातिनोचा लहानपणापासूनचा दोस्त. वकिलांनी जाताजाता, "तुमच्यासारखी कॉफी दुसरीकडे नाही," असं पेश केलं आणि सबातिनोनं ते हक्काच्या भाड्यासारखं वसूल केलं. त्यांची पाठ वळते न वळते तोच दारात मारित आली. ही नॉर्वेची. चर्चमधली रंग उडालेली चित्रं दुरुस्त करायला आलेली आणि दुकानावरच्याच खोलीत राहणारी. भाषा मोडकी, पण बोलायची भीती नाही. आजवर तिनं या दुकानात दूध घातल्याशिवाय कॉफी घेतली नव्हती.

"आज काळी," ती म्हणाली. "तुमच्यासारखी पिते."

"अरे वा. देवानं बुद्धी दिली म्हणायची," असं म्हणत सबातिनोनं पाणी ठेवलं, मग कॉफी ठेवली.

मारित कॉफी प्यायली. तिनं क्षणभर भिंतीकडे बघितलं. मग पाण्याचा पेला उचलला आणि तळापर्यंत रिकामा केला.



"बाई, तुमच्या देशात आईबाप काही शिकवतात की बर्फात सोडून देतात? ते पाणी आधी प्यायचं असतं."

"आधी कशाला? तहान नंतर लागली."

"नंतर पिणं म्हणजे माझ्या तोंडावर थुंकणं."

मारित खरोखरच गोंधळली. "मला माहीत नव्हतं. चूक झाली. इथे आत प्यायचं नाही, होय? म्हणून ते सगळे कोपऱ्यावर जातात."

"कोण सगळे? कुठल्या कोपऱ्यावर?"

"नळावर. माझ्या खिडकीतून दिसतं. तुमच्याकडून निघतात, वळतात आणि चूळ भरतात. मला वाटलं, हाही रिवाज आहे."

सबातिनो तिला काहीतरी झणझणीत ऐकवणार होता, पण आधी कोपरा बघायला हवा होता. तो अंगावरच्या एप्रनसकट बाहेर पडला. कोपरा वळला की चर्चच्या भिंतीला लागून पालिकेचा जुना लोखंडी नळ आहे. तिथे वकील रुओप्पोलो एका हातानं टाय पोटाशी धरून वाकले होते आणि शेजारी सोस्सियो आकाशाकडे तोंड करून खळखळ चूळ भरत होता.

"ऊन फार आहे हो आज," सबातिनोला बघून वकील म्हणाले. त्या गल्लीत ऊन ऑगस्टमध्येसुद्धा पोचत नाही.

"चला," सबातिनो म्हणाला. "दुकानात चला दोघं."

दोघं मागोमाग आले. मारित अजून तिथेच उभी होती. सबातिनोनं एक कॉफी काढली, वकिलांपुढे ठेवली, आणि ती पिऊन होईपर्यंत पाणी दिलं नाही. मग पेला भरून समोर आपटला.

"आता प्या. आणि कशी लागली ते सांगा."

"सबातिनो, तुमच्या हातची कॉफी म्हणजे..."

"वकीलसाहेब, इथे तुमचा अशील कुणी नाही. कशी लागली?"

वकिलांनी पाण्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. 

"खवट," शेवटी सोस्सियो म्हणाला.

खवट. सबातिनोनं कॉफीचे दाणे दळायच्या यंत्राकडे मान वळवली. दाण्यांचं तेल त्याच्या भांड्याला धरतं आणि दिवस गेले की खराब होतं. इतर दुकानदार वार ठरवून भांडं धुतात, आणि त्यावरून सबातिनोनं त्यांची किती टवाळी केली होती. कॅलेंडर बघून काय धुता, नाक कापून ठेवलंय का? त्याचा स्वतःचा नियम एकच होता, तेलाचा वास बदलला की धुवायचं. कार्निव्हलपासून वास बदललाच नव्हता.

त्यानं भांडं उघडून आत बोट फिरवलं. पिवळट, चिकट थर बोटाला आला. सवयीनं बोट नाकाशी गेलं. काहीच नाही.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. इतके दिवस छातीत दाबून ठेवलेलं वाक्य, आणि बोलल्यावर ते अगदीच साधं निघालं.

"ठाऊक आहे," सोस्सियो म्हणाला. "ईस्टरच्या आधी दूध करपलं होतं, गल्लीभर दर्प सुटला, आणि तू त्या भांड्यासमोर उभा राहून आम्हाला मिलानवाल्यांची अक्कल सांगत होतास."

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं?"

"सगळ्यांना."

सबातिनोच्या अंगाचा तिळपापड झाला. तुच्छता त्यानं सोसली असती, तो त्याचा रोजचा धंदा होता. पण दया? त्याच्यावर? आणि तीही रोमवाल्यांइतकीही अक्कल नसलेल्या या लोकांनी?

"लाज नाही वाटली? लेको, पुरुष होतात तर माझ्या तोंडावर पाणी प्यायचं होतंत."

"तसं तू केलं होतंस, माझ्या घरी," सोस्सियो म्हणाला. तो चिडला नव्हता. "रोझाल्बानं नवं लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा तुला कॉफी दिली. तू प्यायलास आणि हसत हसत पाणी मागितलंस. आठवतंय?"

आठवत कसं नव्हतं. हा किस्सा सबातिनो आजवर दुकानात विनोद म्हणून सांगत आला होता, आणि रोझाल्बा गेल्यावरही थांबला नव्हता.

"मरेपर्यंत तिनं परत कुठल्या पाहुण्यासाठी कॉफी केली नाही. कुणी आलं की मला तुझ्याकडून आणायला पाठवायची. म्हणायची, त्यांना चांगली मिळू दे. पाणी तोंडावर प्यायलं की काय होतं ते मी घरात बघितलंय, सबातिनो. म्हणून कोपऱ्यापर्यंत चालत जायचो."

वकील पेल्यातल्या पाण्याशी चाळा करत राहिले. मारितला निम्मंच समजलं असावं.

सबातिनोच्या जिभेवर सवयीनं काहीतरी आलं. ते त्यानं गिळलं. भांडं सोडवून तो मोरीपाशी गेला, बाह्या सारल्या, गरम पाणी सोडलं आणि साबण लावून घासायला लागला. बराच वेळ घासत होता. मग ओलं भांडं तसंच आणून त्यानं सोस्सियोच्या नाकासमोर धरलं.

"बघ रे. गेला का वास?"

सोस्सियोनं हुंगलं. "नाही. अजून येतोय."

सबातिनोनं ते परत धुवायला घेतलं.