चित्रांवर चिकटवलेला कागद

टाचणीचं डोकं निळं होतं, मोहरीएवढं, आणि त्या टाचणीनं टोचलेली चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होती… दाराच्या फटीतून तिला तेवढंच दिसत होतं – शर्टाची एक बाही, ती चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर टेकलेलं एक इवलंसं बोट, ज्याच्या नखात कायम शिलाईचा खडू अडकलेला असतो. खारूचं बोट. पेन्सिली कुरतडते म्हणून लेकीचं नाव खारू पडलं. निदान कुरतडण्यासाठी तरी पेन्सिल हातात धरते, असं ती हल्ली हसत हसत लोकांना सांगायची.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती आली होती, मुद्दाम, कुणाला न सांगता. उद्या सकाळी दहाला शाळेतल्या बाई खारूकडून एक पान वाचून घेणार होत्या. जमलं तर वरचा वर्ग, नाहीतर पुन्हा वर्षभर लहानग्यांच्यात. बाई गोड बोलल्या होत्या – घाबरू नका हो, सगळी मुलं वाचायला लागतातच. सगळी म्हणजे कोण? शेजारचा मुलगा साडेचाराव्या वर्षी पेपरातला मथळा वाचतो, आणि आपली सहा पूर्ण, आणि ओळ समोर आली की मिठाची गुळणी धरून बसते.

काय करायचं बाकी ठेवलं होतं तिनं? पुठ्ठ्याची बावन्न कार्डं कापली, फ्रिजवर वेळापत्रक लावलं, रोज संध्याकाळी घड्याळ समोर ठेवून वीस मिनिटं, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही… आणि ती एक गोष्ट, जी कुणीही सुचवली नव्हती, खास तिच्याच सुपीक डोक्यातून निघालेली – वाचनाच्या पुस्तकातल्या प्रत्येक चित्रावर तिनं पांढरा कागद चिकटवला होता. कारण खारू चित्र बघायची आणि ठोकून द्यायची, बदक पोहतंय, बदकाला भूक लागलीय! आणि खाली लिहिलेलं असायचं, तळ्यात पाणी आहे. चित्रं गेली की अंदाज जातील, असा हिशेब. अंदाज गेले. आठ दिवस झाले, आवाजही गेला.

"वाच गं," आतून सासूबाई म्हणाल्या. मशीन थांबलं होतं. "माझे डोळे मेले कामातून गेले. काय म्हणतंय गिऱ्हाईक?"

कपडे दुरुस्त करून द्यायचं सासूबाईंचं काम गेली चाळीस वर्षं ह्याच खोलीत चालतं. गिऱ्हाइकं कपड्याला चिठ्ठी टोचून देतात, आणि मोतीबिंदू वाढल्यापासून त्या चिठ्ठ्या ऑफिसला निघण्याआधी ती स्वतः वाचून दाखवते.

"ही बाई म्हणते…" खारूचा आवाज, खणखणीत – घरात आठ दिवस न ऐकलेला. "की शर्ट तिच्या भावाचा आहे. आणि त्याचे हात लहान आहेत. आणि तो जाम चिडका आहे, म्हणून बाही तीन बोटं कमी करा, आणि लवकर करा."

पण चिठ्ठी एका ओळीची होती. बाही एक बोट कमी. सकाळी तिनंच तर वाचली होती! धडधडीत थाप, आणि वर आता शर्टाचं वाटोळं… दार ढकलायला तिचा हात उचलला गेला आणि तिथंच राहिला, कारण तसाच एक हात तिला आठवला – वडिलांचा, टेबलावर, बोटांत पट्टी, पट्टी ओळीखालून सरकतेय… अंदाज नको, जे आहे ते वाच. ती वाचत गेली. जे आहे ते. पहिला नंबर सोडला नाही, कॉलेजातही नाही. पण पुढे काय होणार ह्या उत्सुकतेनं शेवटचं पुस्तक मी कधी उघडलं? आठवेना. उघडलं होतं का कधी?

"एवढं सगळं ह्या चिटोऱ्यात? बरंच मावलं की," सासूबाई म्हणत होत्या. "दाखव बघू, चिडका कुठे लिहिलंय?"

"ते… मागच्या बाजूला असेल."

"मागे कोरं आहे, बये. तेवढं मला दिसतं."

दोघी खिदळल्या.

"बरं, असू दे चिडका. तीन बोटं ना? हे बघ." सासूबाईंनी आपली तीन जाड बोटं बाहीच्या टोकाला टेकवली, तेवढं कापड दुमडलं आणि बाही स्वतःच्या हातावर धरली. "मनगट उघडं पडलं. थंडीत गडी कुडकुडेल, आणि आणखी चिडेल. असंच सांगितलंय का त्यानं?"

खारू चिठ्ठीवर वाकली. इतकी, की नाक कागदाला लागलं. ओठ हलायला लागले – दाराबाहेर तिचेही. "बा… ही. ए… एक. आजी, एकच! एकच बोट लिहिलंय!"

"नक्की? कात्री चालली की माघार नाही हं."

"नक्की. एक बोट… क… मी. कमी!"

"मग एक," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बाही दाराच्या बाजूला वळवून फळीवर पसरली.

खडूची रेघ तिथे आधीच होती. बरोबर एका बोटावर. पुसट, सकाळीच कधीतरी मारलेली.

ती बघतच राहिली. कानावर पडलेलं माप ही बाई विसरत नाही. वारलेल्या गिऱ्हाइकांच्या छातीची मापं तिला तोंडपाठ आहेत. म्हणजे सकाळपासून सगळं ठाऊक होतं, आणि तरी… किती दिवस चाललंय हे? चौथीत शाळा सुटलेली ही बाई, आणि एवढ्या वेळात एकदाही 'चुकलं' म्हणाली नाही. एकदाही नाही. मला जमलं असतं? मत्सर वाटला आधी, खोटं कशाला बोला. मग त्याच्या पाठोपाठ दुसरंच काही भरून आलं, आणि डोळ्यांपर्यंत येऊन थांबलं.

"दारात का उभी? ऑफिस सुटलं की बुडालं?" सासूबाईंनी मान न वळवता विचारलं.

ती आत गेली. खारूनं चिठ्ठीवरचं बोट झटकन मागे घेतलं. "मी आत्ता अभ्यासालाच बसणार होते, आई."

चेहरा मिटला. पुस्तक मिटावं तसा.

"आई," ती सासूबाईंना हळूच म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"मला? ह्या वयात काय लक्षात राहतंय!" त्यांनी सुईत दोरा ओवला, पहिल्याच फटक्यात.

ऊन अजून खिडकीत होतं. ती पुस्तक घेऊन मशीनशेजारी जमिनीवरच बसली, घड्याळ न घेता, आणि तळ्याच्या पानावरचा कागद नखानं सोलायला लागली. हलक्या हातानं. तरी फाटलंच… कागदाबरोबर चित्राचा एक तुकडा गेला.

खारू नकळत जवळ सरकली. "आई, बदकाचं डोकं गेलं."

"हो गं. माझ्यामुळे."

खारू बघत राहिली. "गेलं नाही काही. त्यानं बुडी मारलीय." आणि बोट खाली ओळीवर आलं, खडूच्या नखाचं. "त… त… ळ्या…"

ती ओळ तिला स्वतःला पाठ होती. पुढचं अक्षर ओठांवर आलं, ते तिनं गिळलं. उद्याचे दहा उद्या वाजणारच होते. पण पाण्याखाली गेलेलं ते बदक… तिथे त्याला काय दिसलं असेल?

"मग?" तिनं विचारलं. ते तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.